मुलाखतीत जुन्या नोकरीचं किती सांगायचं?

बेंगळुरू, हैदराबाद, बडोदा, इंदूर, जिथून ऐकत असाल तिथे तुमच्यापैकी काही जण नोकरी बदलण्याच्या विचारात असणारच. मुलाखतीत हमखास विचारतात, "आधीच्या कंपनीत नेमकं काय केलंत?" आणि पंचाईत अशी की आपलं सगळ्यात चांगलं काम बऱ्याचदा बाहेर सांगण्यासारखं नसतं.

मी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये होतो. म्हणजे शिधा, इंधन, वाहतूक. बंदुकीपेक्षा पोत्यांशी संबंध जास्त! लडाखच्या वाटेवरची झोजिला खिंड साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. हिवाळ्यात बर्फाने तो रस्ता बंद होतो, म्हणून त्याआधी रॉकेल, पीठ, डाळ, साखर वर पोचवावी लागते. हे वर्तमानपत्रातही येतं. पण एखाद्या चौकीवर पिठाची किती पोती गेली, हे मी आजही सांगणार नाही. जवानाचा रोजचा शिधा ठरलेला असतो. पोती कळली की साध्या भागाकाराने माणसं मोजता येतात. रॉकेल कळलं की ती किती दिवस तग धरतील तेही कळतं.

निवृत्तीनंतर नोकरी शोधताना हाच पेच माझ्यापुढे होता. शासकीय गुपिते अधिनियम, 1923 काही निवृत्तीच्या दिवशी संपत नाही. मग बायोडेटात लिहायचं काय? मी लिहिलं की रस्ता कधी बंद होईल याची खात्री नाही, ट्रक कमी, अशा वेळी आधी काय पाठवायचं हे मी ठरवत असे. ठिकाण, युनिट, आकडा, काहीच नाही. मुलाखत घेणारे बराच वेळ त्यावरच बोलत बसले.

खाजगी नोकरीत कायदा वेगळा. व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये, 289 व्या अहवालात, तो करावा असं सुचवलंय. करार कायदा, 1872 च्या कलम 27 मुळे 'सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही' ही अट सहसा टिकत नाही. लोक एवढंच ऐकतात आणि खूश होतात. गोपनीयतेची अट मात्र नोकरी सुटल्यावरही लागू राहू शकते. कौशल्य तुमचं, दर, गिऱ्हाइकांची यादी, ड्रॉइंग आणि कोड कंपनीचे.

पुढे मी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसायला लागलो. एकदा एका उमेदवाराने लॅपटॉप उघडला आणि आधीच्या कंपनीच्या गोदामाची मांडणी, वाहतूकदारांचे दर, सगळं दाखवायला लागला. काम उत्तम होतं. माझे सहकारी खुर्च्या पुढे ओढून बघायला लागले. मी म्हटलं, "तो बंद करा," आणि कागदावर एक काल्पनिक गोदाम काढून दिलं. त्यावर तो वीस मिनिटं फार छान बोलला. तरी आम्ही त्याला घेतलं नाही. उद्या आमचे दर असेच कुणाच्या तरी टेबलावर उघडले असते. वाईट वाटलं. त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं, आणि खुर्च्या पुढे ओढणारेही काही कमी दोषी नव्हते.

काही ठिकाणी तर माहिती काढायलाच बोलावतात. प्रश्न तुमच्याबद्दल कमी आणि कंपनीबद्दल जास्त यायला लागले, पुरवठादार कोण, नवा माल कधी येणार, की ओळखा. तिथे माफी न मागता म्हणायचं, "तो आकडा मी सांगू शकत नाही, पण तो कसा काढतात ते सांगतो." जाणकार माणसाला पद्धतीतच रस असतो. आणि 'एका मोठ्या कंपनीत' असं म्हणून काही झाकलं जात नाही हो, बायोडेटात नाव छापलेलंच असतं!

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जुनं नेमणूकपत्र काढा, गोपनीयतेचं कलम वाचा. मग तुमचं सगळ्यात चांगलं काम नावं आणि आकडे वगळून घरात कुणाला तरी मोठ्याने सांगून बघा. मी बायकोला सांगितलं होतं. ती म्हणाली, "ट्रक कळले, बर्फ कळला. पण तुम्ही होतात कुठे?" म्हटलं, जमलं.