कॉफीच्या चाड्यावरची मूठ

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या ज्येष्ठांच्या कार्यक्रमातील भाषण)



सचिव मला म्हणाले होते, काका, तुम्ही बँकेतले, तेव्हा मुदत ठेवी आणि मृत्युपत्र यावर बोला. त्यावर मी मागे एकदा बोललो होतो आणि पहिल्या रांगेतले दोघं झोपले होते. म्हणून आज कॉफीवर बोलतो. निदान जागे तरी राहाल.

आपण परभणीची माणसं चहावाली. आमच्या लहानपणी कॉफी दोनच प्रसंगी व्हायची. मुलगी बघायला पाहुणे आले तर, नाही तर घरात कुणी तापातून उठलं तर. दूध भरपूर, साखर भरपूर, वर जायफळ, आणि कॉफी चिमूटभर. नोकरीत दोन वर्षं बेंगळुरूला काढली तेव्हा पितळी फिल्टरची कॉफी प्यायला शिकलो. तिथंच इंडियन कॉफी हाऊस पाहिलं. 1957 साली कॉफी बोर्डानं आपली दुकानं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या पुढाकारानं कामगारांनी सहकारी संस्था काढून ती चालवायला घेतली. आपलीही संस्था सहकारीच, म्हणून सांगितलं. पण बेंगळुरूत मी कॉफी प्यायला शिकलो, करायला नाही. करणारं माणूस घरात होतं.

तीन वर्षांपूर्वी आमच्या सौभाग्यवतींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. नांदेडहून घरी आणलं, त्या पहाटे पाच वाजता ती म्हणाली, "अहो, घोटभर काहीतरी गरम द्या." मी स्वयंपाकघरात गेलो. चहाची पावडर कुठल्या डब्यात आहे ते मला माहीत नव्हतं. लोकांच्या लाखो रुपयांचा हिशेब ज्यानं पैशापैशाला जुळवला, त्याला स्वतःच्या घरातला साखरेचा डबा सापडेना. शेवटी समोरच्या वहिनींनी थर्मास भरून दिला. पुढे पंधरा दिवस तो थर्मास रोज येत होता. त्यांचे उपकार आहेतच, पण दार उघडताना माझी मान खाली जायची, हेही खरं.

पुण्याच्या लेकीला हे कळलं. तिनं एक खोकं पाठवलं. त्यात तळाला भोक असलेलं प्लास्टिकचं शंकूसारखं भांडं, कागदी गाळण्या, सोनाराच्या काट्याएवढा छोटा वजनकाटा आणि दळलेल्या कॉफीची पुडी. म्हणाली, "बाबा, यात मोजायचं असतं. तुम्हाला जमेल."

ही कॉफी म्हणजे काय, ते सांगतो. कपावर शंकू ठेवायचा, त्यात कागद, कागदात कॉफी, आणि वरून हातानं गरम पाणी सोडायचं. खाली उतरतो तो अर्क. दूध नाही. याची मूळ कल्पना एका गृहिणीची आहे. जर्मनीत ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ या बाईंनी 1908 साली पितळी भांड्याला खिळ्यानं भोकं पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यात घातला. आम्ही बँकेत आयुष्यभर टीपकागद वापरला, पण सहीवरची शाई टिपण्यापलीकडे डोकं गेलं नाही.

माझं माप असं. कॉफी 15 ग्रॅम, बारीक रव्याएवढी दळलेली. पाणी 240 मिली. उकळी आल्यावर गॅस बंद करून अर्धा मिनिट थांबायचं. कागद आधी गरम पाण्यानं धुवून घ्यायचा, नाही तर कागदाची चव येते. मग पहिल्यांदा फक्त 30-40 मिली पाणी, सगळी कॉफी भिजेल एवढंच, आणि अर्धा मिनिट हात जोडून उभं राहायचं. कॉफी ताजी असेल तर फुगते, बुडबुडे येतात. भाजताना आत कोंडलेला वायू बाहेर पडत असतो. फुगली नाही तर समजायचं, पुडी जुनी आहे. नंतर उरलेलं पाणी. सगळं मिळून तीन मिनिटं. फार लवकर उतरली तर आंबट लागते, रेंगाळली तर कडू.

पहिल्या दिवशी मी सगळं पाणी एकदम ओतलं. निम्मी कॉफी कागदाच्या भिंतीला चिकटली, मधे खड्डा पडला आणि खाली नुसतं तांबूस पाणी. ही वॉकर धरून दारात उभी राहून बघत होती. ती मानवतकडच्या शेतकऱ्याची लेक. म्हणाली, "अहो, तुम्ही कधी तिफण धरली नाही ना! चाड्यावर मूठ धरल्यासारखं सोडा पाणी."

इथं बसलेल्या निम्म्या लोकांना हे समजावून सांगायला नको. नातवंडांसाठी सांगतो. पेरताना तिफणीच्या चाड्यात मुठीतून बी सोडतात. मूठ सैल पडली तर दाट पडतं, आवळली तर नांगे पडतात. बैल चालत राहतात, मूठ थांबत नाही. तसंच हे पाणी. बारीक धार, मधून सुरू करून गोल गोल, एका चालीनं. मला हे जमायला महिना लागला. तिनं पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून करून दाखवलं.

हात सुधारला, तरी चव येईना. पुण्यात लेकीकडे तीच पुडी, तेच माप, आणि कॉफी सुरेख. इथं मात्र खडू उगाळल्यासारखी. मी वहीत रोजची नोंद ठेवत होतो, वजन, वेळ, सगळं टॅली. मग लक्षात आलं, की कपात पाण्याखेरीज असतंच किती? शंभरात अठ्ठ्याण्णव भाग पाणीच. आणि पाणी कुठलं, तर आपल्या बोअरचं. ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, त्यात कॉफी काय उतरणार! आपला काळा पाषाण पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडतो. त्यातले बायकार्बोनेट कॉफीचा आंबूसपणा मारून टाकतात, म्हणून ती मुकी लागते. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. कॉफीवाले साधारण 150 मागतात. आरओवाल्याच्या मीटरवर आपल्या बोअरचा आकडा चार अंकी झाला नाही, एवढंच समाधान.

मग नुसतं आरओचं पाणी घेतलं, तर कॉफी पातळ आणि टोचरी. क्षार अजिबात नसले तरी अर्क नीट उतरत नाही. आता मी दोन भाग आरओ आणि एक भाग नळाचं घेतो. आरओ नसेल त्यांनी बोअरचं पाणी रात्री उकळून झाकून ठेवावं, सकाळी तळाला पांढरा थर बसतो, वरचं निवळ पाणी घ्यावं. थोडा तरी फरक पडतो. आणि ज्यांच्याकडे आरओ आहे, त्यांनी मशीनमधून वाहून जाणारं पाणी बादलीत धरावं, फरशीला चालतं. उन्हाळ्यात टँकरसाठी वर्गणी काढताना ज्यांचा आवाज सर्वांत मोठा असतो, त्यांच्याच गॅलरीतून हे पाणी खाली गळताना मी पाहिलंय. नाव घेत नाही.

तब्येतीबद्दल दोन शब्द, मी डॉक्टर नाही हे गृहीत धरून. कॉफीतला जो तेलकट अंश कोलेस्टेरॉल वाढवतो, तो कागदात बराचसा अडकतो. पितळी फिल्टरमधून तो खाली येतो. साखरवाल्यांना बिनसाखरेची सवय दोन आठवड्यांत होते, मला झाली. पण चारनंतर प्यायलात तर रात्री सिलिंगचे पंखे मोजत बसाल.

आणि कॉफी फक्त दक्षिणेत पिकते असं समजू नका. आपल्या अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला, सुमारे अकराशे मीटर उंचीवर, कॉफीची झाडं आहेत. सोसायटीची पुढची सहल तिकडे न्यावी, असा माझा प्रस्ताव आहे. अनुमोदक हवा.

सौभाग्यवती आता बिनवॉकरच्या चालतात, पण पहाटेचा कप माझ्याकडेच राहिलाय. परवा समोरचे भाऊसाहेब एकटेच होते, वहिनी माहेरी. त्यांना थर्मास नेऊन दिला. दार उघडल्यावर तेही माझ्यासारखेच खाली बघत होते. मी म्हटलं, आत चला, डबे कुठं आहेत ते आधी शोधू.

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला पार्किंगमध्ये मी शंकू आणि काटा घेऊन बसणार आहे. एका वेळी एकच कप होतो, म्हणून घाई करू नये. शिकायला पुरुषांनी यावं, बायकांनी नुसतं प्यायला यावं. कप आपापला. दूध ज्यांना लागतं त्यांनी घरून आणावं, मी बघितलं नाही असं करीन.