रंगाऱ्याच्या हातचं लाकूड



घनवादी (क्युबिस्ट) चित्रासमोर ‘यातलं आपल्याला काही कळत नाही’ असं म्हणून माणसं पुढे सरकतात. आज एकाच चित्रापाशी थांबू या. फ्रेंच चित्रकार जॉर्ज ब्राकचं ‘फळांचं तबक आणि ग्लास’, साल १९१२.

ब्राकचे आजोबा आणि वडील घरं रंगवण्याचा धंदा करत. ब्राकही तेच काम शिकला. ओल्या रंगावरून फणी ओढून भिंतीवर लाकडाच्या रेषा उठवणं हा त्या धंद्यातला नेहमीचा हातखंडा. पुढे पिकासोबरोबर काम करताना त्याने ही फणी पिकासोच्याही हाती दिली, आणि पिकासोने तीच वापरून ‘कवी’ या चित्रातले केस रंगवले!

१९१२च्या उन्हाळ्यात दोघेही दक्षिण फ्रान्समध्ये, सोर्ग गावी होते. जवळच्या आव्हिन्याँ शहरात एका दुकानात ब्राकला लाकडाच्या नक्षीचा वॉलपेपर दिसला. पिकासो पॅरिसला गेल्यावर ब्राकने तो विकत आणला, कापून कोऱ्या कागदावर चिकटवला आणि कोळशाने द्राक्षं, तबक, ग्लास काढले. वरचे तुकडे झाले भिंतीचं लाकूडकाम. खालच्या तुकड्यावर एक छोटं वर्तुळ काढलं आणि तो झाला टेबलाचा खण, मुठीसकट. शेजारी ‘बार’ आणि ‘एल’ (म्हणजे बिअर) हे शब्द; म्हणजे आपण कॅफेत बसलो आहोत.

फ्रान्सच्या कला अकादमीने वस्तुचित्राला, म्हणजे फळं-भांड्यांच्या अशा चित्राला, सगळ्यात खालची पायरी दिली होती. मान होता तो राजे, देवदेवता आणि लढायांच्या चित्रांना. त्याच खालच्या पायरीवर या दोघांनी चित्रकला मुळापासून बदलली. पिकासोने तर त्याच वर्षी वेताच्या विणीचा छाप असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि चौकटीऐवजी भोवती दोर गुंडाळला. घनवादाचं मोठेपण लोक मोडलेल्या आकारांत शोधतात. मला ते या बाजारी कागदात जास्त दिसतं. रंगाऱ्याचं कसब आणि दुकानातला स्वस्त माल तिथे पहिल्यांदाच तैलरंगाच्या बरोबरीने बसले.

१९१४ साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि ही जोडी फुटली. ब्राक आघाडीवर गेला, १९१५ मध्ये त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. दोघांचा चित्रविक्रेता कानवायलर जर्मन. त्याच्याकडची चित्रं फ्रेंच सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केली आणि १९२१ ते १९२३ दरम्यान लिलावात काढली.

या चित्राची प्रतिमा कुठे पाहायला मिळाली, तर ‘अर्थ काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा. आधी त्या खणाची मूठ शोधा, मग द्राक्षं. बाकीचं चित्र आपोआप उलगडत जाईल.