भरतीनंतरही धावा



पडद्यामागे नाचाची पोरं तयार होऊन उभी आहेत आणि फिशपाँडची पेटीही भरलेली दिसतेय. पाहुण्याने कुठे थांबायचं ते मला कळतं. मी मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस. पन्नाशीनंतर धावायला लागलो, बक्षीस कधी मिळालं नाही. तरी पहिल्या हाफ मॅरेथॉनबद्दल बोला म्हणालात, म्हणून आलो.

नांदगावच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी तुमच्यातली बरीच मुलं-मुली मी पाहतो. बहुतेकांच्या डोक्यात पोलीस भरती असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलांनी ५ मिनिटं १० सेकंदांत संपवलं की २० पैकी २० गुण. आता हाफ मॅरेथॉन याच मापाने मोजा. २१ किलोमीटर आणि वर ९७.५ मीटर, म्हणजे भरतीचं अंतर तेरा वेळा, तेही सलग. इथून मनमाडच्या रस्त्याला लागलात, तर गाव जवळ आलंय पण अजून लागलं नाही, एवढं ते अंतर.

आता अविनाश साबळेचं ऐका. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, आपल्यासारखंच दुष्काळी. शाळा सहा किलोमीटरवर. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहिला. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्लीत त्याने हाफ मॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पुरी केली. ६१ मिनिटांच्या आत धावणारा तो पहिला भारतीय. हिशेब केलात तर दर १६०० मीटरला सुमारे ४ मिनिटं ३५ सेकंद पडतात. ज्या वेगाला तुम्हाला पूर्ण गुण मिळतात, त्याहून जलद, आणि तसं तेरा वेळा! हे त्याचं मुख्य अंतरसुद्धा नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकलं ते ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये.

मला यातली एकच गोष्ट तुमच्यासमोर ठेवायची आहे. त्याचं खरं धावणं भरती झाल्यानंतर सुरू झालं. आपल्याकडे उलटं घडतं. निकाल लागला, की निवड झालेल्याचे बूट माळ्यावर जातात आणि न झालेल्याचेही.

मुलींनो, कविता राऊत आपल्याच जिल्ह्यातल्या सावरपाड्याची. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतलं आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. ८०० मीटरवर मुलींचा दम संपतो असं कुणी म्हणालं, तर त्याला ही दोन पदकं सांगा.

पण भरतीचं धावणं जसंच्या तसं हाफ मॅरेथॉनला चालत नाही. तिथे पहिल्या पावलापासून जीव तोडायचा असतो. इथे सोबत्याशी बोलता येईल, इतक्याच वेगाने सराव करायचा. आठवड्यातून चार दिवस पुरे: तीन दिवस थोडं, रविवारी लांब. रविवारचं अंतर दर आठवड्याला किलोमीटरभर वाढवा, चौथ्या आठवड्याला कमी करा. दम काही आठवड्यांत वाढतो, पण नडगीचं हाड आणि टाचेची शीर बळकट व्हायला महिने लागतात. दम आहे म्हणून पोरं अंतर वाढवतात आणि मग नडगी धरून बसतात. आपल्याकडचं ऊन फेब्रुवारीतच चटके देतं, तेव्हा उजाडताच निघा, पाणी पिऊन निघा. ट्रकच्या रस्त्यापेक्षा शिवाररस्ता बरा. आणि ज्यांची अठरा वर्षं पूर्ण नाहीत, त्यांनी सध्या पाच-दहा किलोमीटरच धावा. मोठ्या स्पर्धांचाही हाफ मॅरेथॉनसाठी असाच नियम असतो.

माझी पहिली हाफ मॅरेथॉन साताऱ्याची. ती शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढते, कासच्या रस्त्याला जाते आणि तशीच परत उतरते. सुरुवातीला तरुण पोरं मला मागे टाकून सुसाट गेली. त्यातली कितीतरी घाटात कमरेवर हात ठेवून चालताना भेटली. मी त्यांच्याहून वेगवान नव्हतो, फक्त घाई केली नव्हती. शेवटच्या किलोमीटरला पाय जड झाले, पण रस्त्याच्या कडेचे लोक ओळख नसताना ‘चला काका’ म्हणत होते. पहिला आलेला केव्हाच घरी गेला असेल, टाळ्या मात्र आमच्यासाठीही होत्या. भरतीच्या यादीत ठरावीकच घेतले जातात, बाकीचे बाहेर. हाफ मॅरेथॉनमध्ये वेळेत पोहोचणारा प्रत्येक जण पास.

प्राचार्य महोदयांना एक विनंती. मैदानाचं फाटक पहाटे साडेपाचला उघडा आणि एखाद्या शिक्षिकेला तिथे थांबायला सांगा, म्हणजे मुलींना रस्त्यावर धावावं लागणार नाही. आणि मित्रांनो, भरतीसाठी जरूर धावा, मनासारखं यश मिळो. निकाल काहीही लागला, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर या.