थोरोचा जमाखर्च
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



28 ऑक्टोबर 1853 रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कॉर्ड गावी एका घरासमोर पुस्तकांनी भरलेली गाडी येऊन थांबली. पुस्तके एकाच नावाची होती आणि प्रती 706. हजार छापल्या होत्या. चार वर्षांत दोनशेच्या थोड्या वर विकल्या गेल्या, काही भेटीदाखल वाटल्या गेल्या, आणि उरलेल्या प्रकाशकाने तळघरातली जागा मोकळी करण्यासाठी लेखकाकडे परत धाडल्या. लेखकाने ते ओझे स्वतःच्या पाठीवरून दोन जिने चढवून माळ्यावर नेऊन रचले. छपाईचा खर्च लेखकाच्या माथी होता. त्यापोटी 290 डॉलर त्याला फेडावे लागले.

हा लेखक म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. दुर्गाबाई भागवतांच्या ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या अनुवादामुळे मराठी वाचकांना तो परका नाही. परंतु आपल्या मनातला थोरो तळ्याकाठी निवांत बसलेला असतो. कर्ज फेडणारा थोरो सहसा आठवत नाही, आणि आज नेमके त्याच्याचविषयी बोलायचे आहे.

मिळकत जाणे त्याला नवे नव्हते. 1837 साली हार्वर्डमधून पदवी घेऊन तो बाहेर पडला तेव्हा देशात मंदी होती. तशात गावच्या शाळेत वर्षाला 500 डॉलरची नोकरी मिळाली. मुलांना छडी मारत नाही, अशी शाळा समितीच्या एका सदस्याची तक्रार आली. थोरोने काही मुलांना छडी मारली आणि त्याच दिवशी राजीनामा दिला. ज्यांनी विनाकारण मार खाल्ला त्यांना या बाणेदारपणाचे काय वाटले असेल, हा प्रश्न उरतोच. पुढे त्याने व त्याचा भाऊ जॉन याने स्वतःची शाळा चालवली. मुलांना नदीवर, रानात घेऊन जाणारी ती शाळा होती. गणिताला जोड म्हणून जमिनीची मोजणी शिकवावी, यासाठी थोरोने 1840 मध्ये मोजणीचे उपकरण विकत घेतले. दुसऱ्याच वर्षी जॉनची प्रकृती ढासळली आणि शाळा बंद झाली. 1842 च्या जानेवारीत धनुर्वाताने जॉन गेला. भावासह केलेल्या नौकाप्रवासावरचे ते पुस्तक हेच पुढे माळ्यावर येऊन पडलेले पुस्तक.

ते लिहिण्यासाठीच 4 जुलै 1845 रोजी तो वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला. जागा मित्राची, इमर्सनची. लोहमार्गावर काम करणाऱ्या एका आयरिश मजुराची खोपटी सव्वाचार डॉलरला घेऊन तिच्या फळ्या त्याने वापरल्या. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब घर उभे राहिले ते 28 डॉलर 12½ सेंटमध्ये. हार्वर्डच्या विद्यार्थ्याला एका खोलीचे वर्षाचे भाडे 30 डॉलर पडे! आठ महिन्यांचे अन्न 8 डॉलर 74 सेंटचे. शेतात घेवडा पिकवला, पण स्वतः फारसा खाल्ला नाही. तो देऊन तांदूळ घेतला. भारतीय तत्त्वज्ञानावर प्रेम करणाऱ्याने भात खावा हे उचितच, असे त्याला वाटे. शेतीतला निव्वळ नफा 8 डॉलर 71½ सेंट.

हे आकडे वाचून कोणी म्हणेल, आईचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते, अधूनमधून तिथे जेवण होत असे, बायकोमुले नव्हती. आक्षेप खरा आहे, आणि बाहेर जेवत असल्याचे थोरोनेही लपवलेले नाही. ज्या घरातला पगार या महिन्यात थांबला आहे आणि दोन मुलांचे शुल्क भरायचे आहे, त्या घराला तळ्याकाठी जा म्हणून सांगणे ही थट्टा होईल. त्याच्या जमाखर्चातून घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. वर्षातून सहा आठवडे मजुरी केली की आपले भागते, हे त्याने आकड्यांनिशी पाहिले होते. ज्याला आपली गरज शेवटच्या अर्ध्या सेंटपर्यंत ठाऊक आहे, त्याची मिळकत गेली तर किती गेले आणि किती पुरे, हे त्याला लगेच सांगता येते. बहुतेक घरांत भीती मोठी होते ती हा दुसरा आकडा कधीच मांडलेला नसतो म्हणून.

मात्र काटकसरीने कर्ज आवरले नाही. गरज कमी करता येते, पण कर्जाची रक्कम आपल्या गरजेकडे पाहत नाही. 290 डॉलर म्हणजे वॉल्डनच्या घरासारखी दहा घरे. वडिलांचा पेन्सिलींचा कारखाना होता. एकदा शंभर डॉलरच्या कर्जासाठी थोरोने हजार डॉलरच्या पेन्सिली तयार केल्या आणि शेवटी तोट्यात विकल्या. पुस्तकाचे ऋण त्याने चार वर्षांत फेडले. या काळात हाताशी आली ती शाळेसाठी शिकलेली मोजणी. वॉल्डनला असताना 1846 मध्ये गोठलेल्या तळ्यावर उभे राहून त्याने त्याची खोली मोजली होती. 102 फूट भरली. तळ्याला तळच नाही, असे गावकरी मानत. ते मोजण्याचे कोणी पैसे दिले नव्हते. आता तीच विद्या घेऊन तो शेतकऱ्यांच्या हद्दी आखू लागला आणि गावचा विश्वासू मोजणीदार ठरला. रोजनिशीत मात्र या कामाविषयी कुरकुर आहे. ज्या रानात हिंडायचे, त्याचेच तुकडे पाडायचे हे त्याला सलत असे.

गाडी आली त्या रात्री, पुस्तकांच्या त्या राशीशेजारी बसून त्याने रोजनिशी लिहिली. पुढल्या वर्षी 9 ऑगस्टला ‘वॉल्डन’ प्रसिद्ध झाले. दोन हजार प्रती खपायला सुमारे पाच वर्षे लागली. तोवर मोजणीची साखळी खांद्यावर होतीच.