सागाचे वीस वर्षांचे गणित



रोपवाला गावात येतो, म्हणतो साग लावा, वीस वर्षांनी करोडपती व्हा. १९९० नंतर शहरात हेच कागद विकले गेले. १९९७ साली सरकारने या योजना सेबीकडे दिल्या, १९९९ साली नियम आले. तोवर कित्येक कंपन्या पाटी उतरवून पसार. नोकरदाराचे पैसे बुडाले, पण पगार चालू राहिला. आपल्याला पगार कुठला?

शेतकी कॉलेजात शिकलो ते सांगतो. सागाला खोल, निचऱ्याची जमीन लागते. आपल्या चिकण काळीत पावसाळ्यात पाणी तुंबते. भाव मिळतो तो गाभ्याला. कोवळ्या झाडात पांढरे लाकूडच जास्त. वनखाते सागाला पन्नास ते ऐंशी वर्षे देते. केरळात निलंबूरला १८४० च्या दशकात लावलेला साग अजून उभा आहे. सरकार थांबू शकते. सोसायटीचा सचिव मार्चपलीकडे थांबत नाही.

आता व्याज धरा. आजचे शंभर रुपये बारा टक्क्यांनी वीस वर्षांत साडेनऊशेच्या वर जातात. तेवढे झाडाने दिले तर नुसती बरोबरी. वीस वर्षांची ज्वारी आणि कडबा गेला तो वेगळाच. आणि झाड तुमचे, घाम तुमचा, पण तोडायला १९६४ च्या कायद्याने परवानगी काढा!

बांधावर, निचऱ्याच्या जागी दहा-वीस झाडे जरूर लावा, सातबाऱ्यावर नोंद करून घ्या. सबंध वावर देऊ नका. ज्यांनी रोपांसाठी पैसे भरले असतील त्यांनी पावती घेऊन सभेनंतर थांबावे.