उजनीचं पाणी आणि आपला कागद

(शिबिरात सोलापूर जिल्ह्यातल्या एका धरणग्रस्त साथीने केलेलं भाषण. शक्य तिथे त्यांचेच शब्द ठेवले आहेत.)



मी करमाळा तालुक्यातला, भीमेकाठचा. तुम्ही जंगलातले, आम्ही माळावरचे. तरी उजनीची गोष्ट सांगतो, कारण धरणाची मोजणी उद्या तुमच्याही नदीवर येईल.

उजनी गाव माढा तालुक्यात. तिथं भीमा अडवली. १९८० साली धरण पुरं झालं, जलाशयाला यशवंतसागर नाव दिलं. पाणी मागं करमाळा, इंदापूर, कर्जत, दौंड तालुक्यांत पसरलं. पोटात मावतं ११७ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यातलं निम्म्याहून जास्त, ६३ टीएमसीच्या आसपास, मृतसाठा. म्हणजे ते कालव्यात आपोआप जात नाही, तळाला पडून राहतं. त्या तळाशी नदीकाठची काळी मळई आहे, गावठाणं आहेत. पाणी फार खाली गेलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. माणसं बघायला जातात.

पाण्याला आमचा विरोध नाही. सोलापूर तहानलेला जिल्हा. कालव्यानं खालच्या तालुक्यांत ऊस उभा राहिला, हेही खरं. आमचा सवाल एवढाच, की मोजताना माणूस कसा मोजला?

माणूस मोजला सातबाऱ्यावरून. ज्याचं नाव सातबाऱ्यावर, त्याला जमिनीचा मोबदला. पण नदीकाठी नुसते खातेदार राहत नव्हते. वाटेकरी होते, सालगडी होते, मासे धरणारे होते, उन्हाळ्यात नदीच्या वाळूत कलिंगडं-काकड्या लावणारे होते. वाळूचा सातबारा कुणाच्या नावावर असतो? आणि बाईचं नाव तर बहुतेक सातबाऱ्यांवर नव्हतंच. निम्मं रान तिनंच खुरपलेलं.

पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. धरणग्रस्ताला लाभक्षेत्रात जमीन द्यायची, असं तो म्हणत होता. पण तोवर उजनीचं काम पुष्कळ पुढं गेलं होतं. पाणी कागदासाठी थांबत नाही. म्हणून आपण म्हणतो, आधी पुनर्वसन, मगच धरण.

आता गाळपेर सांगतो. उन्हाळ्याकडे पाणी उतरलं की बुडालेली जमीन उघडी पडते. वर ताजा गाळ. कडवळ टाका, हरभरा टाका, झकास येतो. ही जमीन सरकार थोड्या मुदतीनं कसायला देतं. म्हणजे बापाचीच जमीन, पण लेकानं अर्ज करायचा, भाडं भरायचं, आणि पाणी चढलं की गप निघायचं. पुढच्या साली परत अर्ज. दहा वर्षं कसली तरी मालकी शून्य.

तुमच्याकडचे एकसाली पट्टे आठवा. सारखंच नाही का? जो दर साली हात पसरायला लावतो, तो कागद जमिनीचा नसतो, मेहेरबानीचा असतो.

आमच्याकडे सातबारा होता तरी एवढं झालं. तुमचा प्लॉट तर कागदावर जंगलच आहे. पाणी आलं तर तिथं शेत होतं हे कोण सांगणार? म्हणून मोजणीवाला यायच्या आधी ही कामं करा:

१. फॉरेस्टच्या दंडाच्या पावत्या, केसचे कागद जपा. ती पावती तुमच्या कसणुकीची तारीख सांगते. ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय झाला होता. तिथं ही तारीखच कामाला आली.

२. पाड्यापाड्यानं यादी करा. कोण कुठला तुकडा कधीपासून कसतो, शीव काय. बाईचं नाव पुरुषाच्या शेजारी लिहा. बिनजमिनीवाल्यालाही लिहा.

३. म्हाताऱ्यांना घेऊन शिवारात फिरा. आंबा, मोह, बांध, विहीर, देवस्थान, मसणवट, सगळं नकाशात काढा.

४. मोजणी गावासमोर, दिवसाउजेडी. पंचनामा वाचून दाखवल्याशिवाय कुणी अंगठा देऊ नये.

५. एकट्यानं पैसे उचलू नका. पैसा लग्नात, आजारपणात संपतो. मागायची ती जमीन, आणि साऱ्या पाड्याला एका जागी.

आमची गावं फुटली, कुणी इकडं तर कुणी तिकडं गेलं. फुटलेल्या गावाला मोर्चा काढायलाही माणसं जमवावी लागतात. तुम्ही अजून एका जागी आहात. तोवरच हे काम होईल. घरी गेल्यावर पहिली यादी सुरू करा.

जिंदाबाद!