आपली भूमी सोबत नेणारा अँटेना

(हीरक महोत्सवी समारंभात, शाळेच्या हौशी रेडिओ केंद्राच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



गच्चीवरचा उंच खांब आपण प्रवेशद्वारातूनच पाहिला असेल. परवानाधारक मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली आपल्या नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हा अँटेना उभारला. ‘याचे परीक्षेत गुण मिळतात का?’ असे काही पालकांनी मला विचारले. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी या अँटेनाच्या रचनेतूनच देऊ इच्छिते.

१२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनी यांनी न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर पतंगाच्या साहाय्याने तार आकाशात चढवली आणि अटलांटिकपलीकडील पोल्धूहून पाठवलेली ‘एस’ अक्षराची तीन टिंबे ऐकल्याचे नोंदवले. वक्र पृथ्वीवरून लहरी इतक्या दूर कशा पोहोचतात, याचा उलगडा पुढे झाला. शेकडो किलोमीटर उंचीवरील आयनांबर लघुलहरींना वळवून पुन्हा जमिनीकडे धाडते. लहर क्षितिजाच्या जितकी जवळून निघेल, तितकी तिची झेप लांब. अशी एक झेप सुमारे चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. उभा अँटेना ऊर्जा क्षितिजाकडे आणि सर्व दिशांना सारखी पाठवतो, म्हणून दूरच्या संपर्कासाठी आम्ही तो निवडला. आसपासच्या विजेच्या उपकरणांची खरखर तो अधिक टिपतो, हा त्याचा उणेपणाही मुलांनी अनुभवला.

मोजमाप वर्गातल्या फळ्यावरच झाले. ३०० ला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले की मीटरमध्ये तरंगलांबी मिळते. १४.२ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २१.१ मीटर, तिचा चतुर्थांश ५.२८ मीटर. धातूच्या नळीत प्रत्यक्ष लांबी थोडी कमी लागते, म्हणून ती पाच मीटरच्या आसपास ठेवली. एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्यामुळे मीटरवर परावर्तित शक्ती पाहत लांबी बोटाबोटाने जुळवता आली.

खरी गंमत त्या नळीच्या पायाशी आहे. जमिनीवरच्या उभ्या अँटेनाला भूमीचा आधार लागतो. माती विद्युतदृष्ट्या दुबळी असेल तर डझनावारी तारा पसराव्या लागतात. आमचा अँटेना मात्र गच्चीवर साडेसहा मीटरच्या खांबावर बसवला आहे. तिथे माती नाही. म्हणून त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी सुमारे पाच मीटरच्या चार तांब्याच्या तारा, म्हणजेच रेडियल, चार दिशांना उतरत्या ताणल्या. या चार तारा त्याची भूमी होतात. त्या आडव्या ताणल्या तर संरोध ३६ ओहमच्या जवळ राहतो; तिरक्या उतरवल्या की तो ५० ओहमकडे येतो आणि केबलशी जुळतो. तारांच्या टोकांशी प्रक्षेपणाच्या वेळी मोठा विद्युतदाब असतो, म्हणून ती टोके गच्चीपासून तीन मीटर उंच, हाताच्या आवाक्याबाहेर ठेवली आहेत. विजेच्या तारांपासून खांब दूर आहे, त्याला भूसंपर्क दिला आहे आणि वादळाची चिन्हे दिसताच केबल काढून ठेवण्याचा नियम दारावरच लिहिला आहे.

हा छंद वेळ घालवण्यापुरता नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचालक भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. नेहमीची संपर्कसाधने कोलमडली असताना त्यांच्या केंद्रावरून मुख्य भूमीकडे निरोप गेले. कितीतरी घरांना आपली माणसे सुखरूप असल्याचे कळले. परीक्षेचे गुण ज्यासाठी मिळवायचे, ती उपयुक्तता ही आहे.

पालकहो, आणखी एक प्रश्न आपण उघडपणे विचारत नाही, पण प्रवेशाच्या दिवसांत तो मला आपल्या चेहऱ्यावर दिसतो: महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी शाळा टिकेल का, आणि तिथे शिकलेले मूल जगात मागे तर पडणार नाही? या मुलांनी तरंगलांबी, संरोध, आयनांबर या संकल्पना मराठीत समजून घेतल्या आणि शासनाच्या परवाना परीक्षेची तयारी ती इंग्रजीत करत आहेत. समज पक्की असली की भाषा बदलताना पाय डळमळत नाही.

साठ वर्षांपूर्वी आपल्या संस्थापकांपुढेही हाच प्रश्न होता. पायाखाली मराठी मुलूख नव्हता. घरातली बोली, ग्रंथालय, गणेशोत्सव आणि एकमेकांच्या मुलांना आपले मानणारी कुटुंबे, या आधारांवर त्यांनी शाळा उभी केली. त्या तारा आज सैल पडू देऊ नयेत, एवढेच मागणे आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एक शनिवार या केंद्राला द्यावा. पालकांनी घरी मुलांशी मराठीत बोलावे.

रेडिओचालक निरोप घेताना ‘७३’ म्हणतात. त्याचा अर्थ ‘मनःपूर्वक शुभेच्छा’. आपणा सर्वांना ७३.